टोकावर भार नको

केरॅटोकोनस या आजारात बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. निरोगी डोळ्यात तो मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि प्रकाश वळवण्याचं दोन तृतीयांश काम तो एकटा करतो. त्याचा घाट बिघडला की दिव्यांना शेपट्या फुटतात, बसच्या पाटीवरचे आकडे एकमेकांवर सरकतात. चष्म्याचा नंबर कितीही बदला, ते आकडे पुरते वेगळे होत नाहीत. कॉलेजात असताना घरचे म्हणायचे, "जरा नीट बघ ना." मी नीटच बघत होतो.

मला दृष्टी दिली ती हार्ड लेन्सने. मऊ लेन्स बुबुळावर पसरते आणि त्याचाच वेडावाकडा आकार घेते. हार्ड लेन्स आपला गोल घाट सोडत नाही. तिच्या आणि बुबुळाच्या मधली उंचसखल जागा अश्रूंनी भरते. अश्रू आणि बुबुळ प्रकाश जवळपास सारखाच वळवतात, त्यामुळे त्या उंचवट्यांचा उपद्रव बहुतांशी मिटतो. शंकू असतो तिथेच असतो.

हे ध्यानात यायला वेळ लागला. 1888 मध्ये पॅरिसच्या यूजीन काल्ट यांनी अशा डोळ्यांवर काचेची लेन्स बसवली, ती शंकू दाबून सपाट करता येईल या आशेने. रुग्णांना दिसू लागलं, पण ते मुख्यतः काचेच्या गोल घाटामुळे आणि तिच्याखालच्या द्रवामुळे. त्या काळी, हाती एवढीच साधनं असताना, डोळ्यावर काच ठेवण्याचं धाडस करणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण दाबून सरळ करण्याची ती ओढ अजून गेलेली नाही, आणि डोळ्याला ती महागात पडते. लेन्स शंकूच्या टोकावर सतत घासत राहिली तर तिथे व्रण पडू शकतो.

म्हणून लेन्स बसवणारा माणूस जाणता हवा. माझ्या डोळ्यात पिवळा रंग घालून, निळ्या प्रकाशात लेन्स बसवणाऱ्या बाई बघत होत्या. अश्रू साचतात तिथे हिरवं चमकतं, लेन्स टेकते तिथे काळोख. तक्त्याची शेवटची ओळ मी धडाधड वाचली, आनंदाने गळा भरून आला. त्या म्हणाल्या, "दिसतंय छान, पण टोकावर भार येतोय. ही नको." पुढची लेन्स, मग तिच्या पुढची. स्पष्ट दिसत असतानाही नको म्हणणारी ती नजर मला फार मोलाची वाटते.

लेन्स आजार थांबवत नाही. तो वाढत असेल तर बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून क्रॉसलिंकिंग हा उपचार करतात. त्याने वाढ बहुधा थांबते, गेलेला घाट मात्र पुरता परत येत नाही. म्हणजे वेळेवर कळायला हवं. डोळे चोळण्याची सवय घातक, आणि काही घरांत हा आजार एकाहून अधिक जणांना होतो. माझा भाचा सारखे डोळे चोळतो, त्याचा नंबरही टिकत नाही. परवा फोनवर बहिणीला बजावलं, "ताई, नवा चष्मा नंतर. आधी त्याच्या बुबुळाची टोपोग्राफी, म्हणजे घाटाची तपासणी, करून घे, याच आठवड्यात."