घड्याळाआधीचा घास

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात अमारिलो नावाचं शहर आहे. तिथल्या ‘बिग टेक्सन स्टेक रँच’ या हॉटेलात १९६० पासून एक पैज लागते. ७२ औंसांचा, म्हणजे दोन किलोंहून किंचित जास्त वजनाचा गोमांसाचा स्टेक, जोडीला कोळंबी, भाजलेला बटाटा, सॅलड आणि लोणी-पाव, एवढं सगळं एका तासात संपवलं तर जेवण फुकट. नाही संपलं तर पैसे गेले. ते आधीच भरून घेतलेले असतात. खाणाऱ्याला साऱ्या हॉटेलला दिसेल अशा उंच जागी बसवतात, समोर घड्याळ चालू असतं. खुर्चीवरून उठायचं नाही, ताटाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, उलटी झाली की बाद. या सगळ्या अटींत मला सर्वांत बोलकी वाटते ती एक बारीकशी सवलत. घड्याळ सुरू होण्याआधी स्टेक कापून त्याचा एक घास खाऊन बघता येतो. मांस मनासारखं शिजलंय ना, चव जमलीय ना, याची खात्री करायला. खाणारा ‘ठीक आहे’ म्हणाला की मग तास सुरू. म्हणजे हॉटेलवाल्यालाही पक्कं ठाऊक आहे, की चव घ्यायची तर आत्ताच घ्या. पुढच्या तासात तिला वाव नाही.

मला खायला आवडतं. भरलेल्या ताटाची मला भीती वाटत नाही, त्यामुळे या पैजांचा मोह मला नीट कळतो. तरीही विचाराअंती माझं मत असं झालं आहे, की ज्याचा खाण्यावर जीव आहे त्याने या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या दिवशीची पोटदुखी हे त्याचं कारण नव्हे. ती तर दिवाळीच्या फराळानेही होते. कारण असं, की जेवणात मला जे जे हवंसं वाटतं ते ही पैज आधी काढून घेते, आणि मागे उरलेल्या मजुरीचे पैसे माझ्याकडूनच वसूल करते.

उदाहरण घरचंच घेऊ. २०२१ च्या सुरुवातीला पुण्याजवळच्या वडगाव मावळमधल्या ‘शिवराज’ हॉटेलची बुलेट थाळी गाजली होती. तेव्हा छापून आलेल्या माहितीनुसार थाळीत तळलेली सुरमई, पापलेट, तंदुरी चिकन, सुकं मटण, कोळंबी बिर्याणी असे बारा पदार्थ होते, ऐवज साधारण चार किलोंचा, किंमत २,५०० रुपये. एकट्याने तासाभरात संपवली तर दीड लाखाहून जास्त किमतीची बुलेट बक्षीस. चार किलोंना साठ मिनिटांनी भागलं, तर मिनिटाला सदुसष्ट ग्रॅम. मध्ये पाणी नाही, श्वास नाही, बोलणं नाही. आता हे पदार्थ एकेक करून डोळ्यांपुढे आणा. पापलेट खायचं म्हणजे वरची कुरकुरीत कड आधी मोडायची, मग बोटांनी चाचपत मधला काटा अख्खा उचलायचा आणि खालचं पांढरं मांस अलगद सोडवायचं. मटणाची नळी ताटाच्या कडेवर दोनदा आपटायची, मगज सुटत नसेल तर ओढून घ्यायचा, वर रश्श्याचा घोट. मांसाहारी जेवणाची निम्मी मजा या खटपटीत असते, आणि घड्याळ लावलं की नेमकी हीच खटपट वेळ खाते. पैज घेणाऱ्याला काटा हा अडथळा, नळी हा तोटा आणि रस्सा हा घास खाली ढकलण्याचा उपाय. ज्या स्वयंपाकाला एवढे हात लागले, त्याच्याकडे तासभर अडगळ म्हणून पाहावं लागतं.

शरीराचं काय होतं, तेही आता गूढ राहिलेलं नाही. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला सुमारे वीस मिनिटं लागतात, असं डॉक्टर सांगत आले आहेत. म्हणून पैजेतली पहिली वीस मिनिटं मजेत जातात. खरी लढाई त्यानंतर सुरू होते, आणि ती ताटाशी नसून स्वतःच्या तृप्तीशी असते. २००७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एका पट्टीच्या स्पर्धकाची आणि एका साध्या भरपूर खाणाऱ्याची क्ष-किरणांखाली तुलना केली. साधा माणूस सात हॉट डॉग खाऊन थांबला. स्पर्धकाने दहा मिनिटांत छत्तीस खाल्ले, तेही डॉक्टरांनी थांबवलं म्हणून. त्याचं जठर अन्न घुसळायचं सोडून एखाद्या सैल पिशवीसारखं फुगत गेलं होतं, आणि एवढं होऊनही पोट भरल्यासारखं त्याला वाटत नव्हतं. सरावाने कमावलं काय, तर तृप्ती न कळण्याची क्षमता. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला दिला आणि चौथा वायूसाठी मोकळा सोडला होता. पैजेच्या हिशेबात तो चौथा भाग म्हणजे वाया गेलेली जागा.

यावर कुणी म्हणेल, की हा खेळ आहे. त्याला जेवणाची फूटपट्टी लावायची कशाला? मान्य. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर दर ४ जुलैला होणारी हॉट डॉगची स्पर्धा खेळच आहे. २००१ साली जपानच्या ताकेरू कोबायाशीने तिथे बारा मिनिटांत पन्नास हॉट डॉग खाऊन आधीचा विक्रम जवळजवळ दुप्पट केला. कसा? हॉट डॉग मधोमध मोडून आणि पाव पाण्यात बुडवून, म्हणजे तो न चावता घशाखाली घसरावा. युक्ती बिनतोड आहे आणि त्याच्या मेहनतीला मी नाव ठेवणार नाही. पण पाण्यात भिजवलेला पाव कुणी आवडीने खात नाही. खेळ म्हणून ही स्पर्धा जितकी शुद्ध होत जाते तितकी ती जेवणापासून दूर जाते, हेच त्यातून सिद्ध होतं. कोबायाशी निदान खेळाडू म्हणून तिथे उतरला होता. हॉटेलातल्या पैजेला बसणारा भूक लागली म्हणून आलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत जिलब्यांच्या आणि लाडवांच्या पैजा लागत नव्हत्या का? लागत होत्या, आणि त्यात हौस होती तसा अतिरेकही होता. पण पंगतीत एक खूण होती. वाढपी कितीही आग्रह करो, जेवणाऱ्याने पानावर आडवा हात धरला की विषय संपला. त्या हाताचा अर्थ ‘हरलो’ असा नव्हता, ‘तृप्त झालो’ असा होता. यजमानालाही तेच हवं असायचं. शिवाय शेजारी माणसं असायची, थट्टा चालायची, आणि पैज जिंकली नाही म्हणून कुणाच्या पुढ्यात बिल येत नव्हतं. हॉटेलच्या पैजेने आग्रह तेवढा घेतला आणि आडवा हात काढून टाकला.

राहिला तिसरा मुद्दा: पैसा माझा, पोट माझं, तुम्हाला काय त्याचं? तर पैशांचा हिशेब करून पाहू. वर दिलेल्या किमतीत दीड-पावणेदोन लाखांची गाडी म्हणजे साठ-सत्तर थाळ्यांची विक्री. तेवढ्यात हॉटेलचं नाव देशभर जातं, आणि हरणारा प्रत्येक जण त्या जाहिरातीचा खर्च भागवून जातो. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार धंद्याच्या दृष्टीने हुशारीचाच आहे, त्यात फसवणूक नाही. फक्त बसणाऱ्याने ओळखावं, की आपण तिथे गिऱ्हाईक कमी आणि फलक जास्त आहोत. पोटाचं म्हणाल, तर घाईत गिळलेला घास नेहमी पोटातच जातो असं नाही. २०२४ च्या ओणममध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात इडल्या खाण्याच्या स्पर्धेत घशात इडली अडकून एकाचा जीव गेला. इडलीइतकं मऊ, आजाऱ्याला देतात असं अन्न! चीनने २०२१ मध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा करून अचाट खाण्याच्या चित्रफितींवर दंड ठेवला. मला तशी बंदी नको आहे. प्रौढ माणसाने काय खावं हे सरकारने ठरवू नये. पण त्याने स्वतः तरी ते ठरवावं, घड्याळाने नव्हे.

म्हणून माझं सांगणं इतकंच: ती मोठी थाळी जरूर मागवा. चौघं मिळून बसा, घड्याळ नको म्हणून सांगा, नळी निवांत फोडा, उरलं तर बांधून घरी न्या. आणि पोट भरलं की ताटावर आडवा हात धरा.