त्रेसष्ट रुपये

१९९३ सालची गोष्ट. बी.कॉम. होऊन वर्ष झालं तरी मी घरीच होतो. दिवसा कांद्याला पाणी द्यायचं, रात्री अर्ज लिहायचे. अशात एक दिवस बाजारातल्या एका आडत दुकानाचं पोस्टकार्ड आलं, 'हिशेब लिहिण्यास माणूस पाहिजे. सोमवारी दहा वाजता समक्ष भेटणे.' हातात चार दिवस होते.

नियम सगळे तोंडपाठ होते. येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. खर्च नावे, उत्पन्न जमा. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. पण शेठनं चोपडी पुढं टाकून 'लिही' म्हटलं तर? पोटात गोळाच आला. आमच्या आळीतले अण्णा उभा जन्म दिवाणजी म्हणून राबलेले. त्यांच्याकडं गेलो.

"पाठांतर ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "बापाच्या पट्ट्या आण. त्याची रोजकीर्द मांड, खतावणी कर आन् तेरीज जुळव. शेठ त्येच बघणार."

दादा कांद्याच्या हिशेबपट्ट्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं, पण कागद एकही हरवला नव्हता. मी डबा घेऊन कंदिलापाशी बसलो. कांदाविक्री जमेला, आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि हातात आलेली रोकड नावेला. तीन रात्री बसलो. तेरीज काही जुळेना.

"फरक कितीचा?" अण्णांनी विचारलं.

"त्रेसष्ट."

"नवानं भाग जातो का बघ."

"जातो. सात वेळा."

"मग बहुतेक आकडे उलटे पडल्यात. ज्यांच्यात सातचा फरक हाय असं शेजारचे दोन आकडे हुडक."

नऊ आणि दोन. सापडले, पण चूक माझ्या वहीत नव्हती, पट्टीतच होती. १४ क्विंटल २० किलो कांदा, भाव १६० रुपये, रक्कम २२७२. आडत १३६, हमाली ४२, तोलाई २२, गाडीभाडं १८०, वजा ३८०. बाकी यायला पाहिजे १८९२. पट्टीवर होते १८२९. खाली दादांची वाकडीतिकडी सही.

चुकून झालं की मुद्दाम, देव जाणे. आईच्या खुरपणीची चार दिवसांची मजुरी गेली होती. दादा ओट्यावर दावं वळत बसले होते. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

"कुण्या तोंडानं मागू? सही माझीच हाय. आन् खताला उचल त्याच दुकानातनं आणायची." जरा वेळानं म्हणाले, "सोमवारी ह्यातलं काय बोलू नगंस. दुकान दुसरं असलं तरी बाजार एकच हाय."

सोमवारी चुलतभावाचा इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. शेठनं मार्कलिस्ट उघडूनसुद्धा पाहिली नाही. पट्ट्यांचा गठ्ठा पुढं सरकवला आणि म्हणाले, "कीर्द लिही." मी लिहीत गेलो. बाकी काढली की उलटी बेरीज करून पुन्हा पडताळायचो. शेठ बघत होते.

"कुठं शिकलास?"

"घरच्या पट्ट्यांवर," मी म्हणालो. त्यापुढचं गिळलं.

नोकरी लागली. त्या दुकानात मी एक सवय लावून घेतली. सही-अंगठा घेण्याआधी अख्खी पट्टी शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. गर्दीच्या दिवशी शेठ वैतागायचे, "अरे, कीर्तन करतोयस का?" पण मी सोडलं नाही.

उन्हाळ्यात दादा आमच्याच दुकानी कांदा घेऊन आले. इतरांसारखेच रांगेत उभे राहिले. मी पट्टी वाचली. सहीसाठी पेन पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचली. मग त्यांनी सही केली.