स्मृती हीच सिद्धी

पुनर्जन्म घेऊन आलेली, अलौकिक शक्ती लाभलेली नायिका ही आजच्या ऐतिहासिक अद्भुतकथेत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. 'एखादा ऐतिहासिक काळ धरून कल्पित कथा लिहा' असे वर्गात सांगितले, की आमच्याकडे येणाऱ्या वह्यांतून ती हमखास भेटते. शिवकाळात कुठल्याशा गडाच्या पायथ्याशी ती अन्यायाने मारली जाते. तीनशे वर्षांनी पुन्हा जन्माला येते. पडक्या देवळातली घंटा ऐकून तिला सारे आठवते आणि आठवल्याबरोबर तिच्या डोळ्यांतून जाळ निघू लागतो. पोलादपुरासारख्या गावी ही कथा सुचावी यात आश्चर्य नाही. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात, आंबेनळी घाटाने वर गेले की प्रतापगड, आणि गावाला लागून वाहणाऱ्या नदीचे नाव सावित्री. इथल्या मुलामुलींना इतिहास पुस्तकात शोधावा लागत नाही. तो त्यांच्या एस.टी.च्या खिडकीतून दिसतो.

आम्हांला या कथांविषयी तक्रार करायची नाही. अद्भुताला नाके मुरडण्याची जी सवय आपल्या समीक्षेला जडली आहे, ती आम्हांला फारशी मान्य नाही. प्रश्न वेगळा आहे. या कथांतल्या स्त्रीला सामर्थ्य मिळते ते मेल्यावरच, असे का? पहिल्या जन्मात ती सोसते, दुसऱ्या जन्मात ती जिंकते. आणि या दोहोंच्या मध्ये तिचे मरण अपरिहार्यपणे उभे असते. कर्तृत्वासाठी पुरुषाला गड चढावा लागतो, स्त्रीला मात्र चितेवरून जावे लागते, हा कथेचा नियम कोणी ठरवला?

आजच्या विद्यार्थ्यांपुरते उत्तर द्यायचे तर एक उगम स्पष्ट दिसतो. २००९ साली आलेला 'अरुंधती' हा कोडी रामकृष्ण यांचा तेलुगू चित्रपट हिंदी रूपात दूरचित्रवाणीवर इतक्या वेळा दाखवला गेला, की तो आमच्या मुलांच्या पिढीचा जणू घरचाच झाला. त्यात गदवालच्या संस्थानातली जेजम्मा एका मांत्रिकाचा नाश व्हावा म्हणून स्वतःहून प्राण देते. तिच्या अस्थींपासून शस्त्र घडते आणि पुढच्या जन्मी अरुंधती होऊन ती ते शस्त्र वापरते. दधीचीच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र घडल्याची कथा इथे स्त्रीच्या देहावर आणून बसवली आहे. कल्पना विलक्षण परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण ती नीट न्याहाळली की लक्षात येते, स्त्रीचे सामर्थ्य तिच्या देहातून काढून एका वस्तूत ठेवल्याशिवाय या कथेला पुढे जाता येत नाही.

पाश्चात्य रम्याद्भुताने हाच पेच उलट बाजूने मांडला होता. रायडर हॅगर्डच्या 'शी' या १८८७ सालच्या कादंबरीत आयेशा दोन हजार वर्षे मरतच नाही; पुन्हा जन्म घेऊन येतो तो तिचा प्रियकर. पण अमर स्त्रीचे भय त्या कथेलाही पेलत नाही. ज्या ज्योतीने तिला दीर्घायुष्य दिले, त्याच ज्योतीत तिचा अंत होतो. तिला परत आणायला लेखकाला १९०५ साली दुसरी कादंबरी लिहावी लागली. जिवंत आणि समर्थ अशी स्त्री कथेच्या शेवटापर्यंत टिकवणे पूर्वेला काय किंवा पश्चिमेला काय, अवघडच गेलेले दिसते.

आता घराजवळ येऊ. कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. 'शिवभारत' हे शिवचरित्रावरील संस्कृत काव्य त्यांचे. स. म. दिवेकरांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९२७ साली भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केली. बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच थांबलेले हे अपूर्ण काव्य इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासकांना मोलाचे वाटते. पण ते महाकाव्यही आहे, आणि महाकाव्याला अद्भुत वर्ज्य नसते. अफजलखानाच्या प्रसंगाआधी साक्षात भवानी शिवरायांना दर्शन देते आणि त्यांच्या तलवारीत आपला वास असल्याचे अभय देते. १० नोव्हेंबर १६५९ ची ती भेट ज्या प्रतापगडाखाली झाली, तो गड आणि त्या कवीची समाधी यांत एका घाटाचेच अंतर आहे. देवीच्या श्रद्धेविषयी आम्ही इथे काही बोलत नाही. कथनाच्या व्याकरणापुरते पाहिले तर तिथेही स्त्रीरूपातली शक्ती शस्त्रात प्रवेश करते आणि ते शस्त्र पुरुषाच्या हाती असते. हरिभाऊ आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' लिहिताना सिंहगडाच्या युद्धाला जोडली तीही सती जायला निघालेली कमलकुमारी. त्याहून मागे गेलो तर महाभारतातली अंबा: अन्यायाचा सूड घेण्यासाठी ती अग्निप्रवेश करते, द्रुपदाच्या घरी शिखंडिनी म्हणून जन्मते, आणि तेवढ्यानेही भागत नाही म्हणून यक्षाकडून पुरुषत्व उसने घेते. जेजम्माच्या अस्थी, भवानीची तलवार आणि अंबेचे उसने पुरुषत्व यांची कुळी एकच आहे.

हा प्रश्न आमच्यापुरता केवळ वाङ्मयीन राहिला नाही, त्याला कारण एक वही. आमच्या एका विद्यार्थिनीने अशीच कथा लिहायला घेतली होती. नायिका सावित्रीच्या डोहात बुडून मेलेली, आज पुन्हा जन्मलेली, दृष्टीने जाळू शकणारी. पंधरा पानांनंतर कथा थांबली होती. आम्ही विचारले, पुढे काय? ती म्हणाली, "सर, तिला सगळं आठवलं, शक्ती पण आली. पण ती संध्याकाळी घरी गेल्यावर काय करेल, ते मला सुचत नाही. घरात कोणाला जाळणार?" त्याच महिन्यात तिच्या घरी तिच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि पुढचे वर्ष ती वर्गात असेल की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हते. तिचा प्रश्न कथेविषयी होता, आणि नव्हताही. जाळण्याच्या शक्तीचा घरात उपयोग नाही, हे तिने समीक्षकांच्या आधी ओळखले होते.

तिच्यासाठी म्हणून आम्ही पुन्हा जुन्या ग्रंथांकडे वळलो. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. त्या दगडी विहारांत ज्या परंपरेचे भिक्खू राहत, त्या परंपरेने पुनर्जन्माच्या शेकडो कथा सांगितल्या. जातकांत बोधिसत्त्व हत्ती होतो, माकड होतो, व्यापारी होतो, राजा होतो. स्त्री मात्र होत नाही. पण त्याच परंपरेच्या थेरीगाथेत इसिदासी नावाची भिक्खुणी आहे. उज्जैनच्या श्रेष्ठीची ही मुलगी. दासीसारखी सेवा करूनही नवऱ्याने टाकली, दुसऱ्याने टाकली, तिसऱ्यानेही. प्रव्रज्या घेतल्यावर तिला आपले सात पूर्वजन्म आठवतात आणि ते ती आपल्या सखीला, बोधी नावाच्या दुसऱ्या भिक्खुणीला, शांतपणे सांगते. तिच्या दुःखाचे मूळ तिला सापडते ते एका पुरुषजन्मात, सोनार असताना केलेल्या व्यभिचारात. कर्मविपाकाचा हा हिशेब आजच्या वाचकाला पटेलच असे नाही. आम्हांलाही तो जसाच्या तसा पटत नाही. पण इथे एक महत्त्वाची गोष्ट घडली आहे. बौद्ध परंपरेने पूर्वजन्मांची स्मृती हीच अभिज्ञांमध्ये, म्हणजे अलौकिक शक्तींमध्ये, मोजली आहे. योगसूत्रांच्या विभूतिपादातही पूर्वजातीचे ज्ञान ही सिद्धीच आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या कथांत आठवणे ही शक्तीची नुसती किल्ली असते, खरी शक्ती म्हणजे जाळ. परंपरेत मात्र आठवणे हीच शक्ती.

मराठीत या शक्तीचा सर्वांत थोर आविष्कार शिवकाळातच झाला. आम्ही म्हणतो त्या शिऊरच्या संत बहिणाबाई, खानदेशातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी नव्हेत. वेरुळाजवळच्या देवगावी १६२८ च्या सुमारास जन्म, अगदी बालवयात तीस वर्षांच्या बिजवराशी विवाह, आणि मग कुटुंबाची कोल्हापूरपर्यंत भटकंती. तिथे दानात आलेल्या गाईचे वासरू त्यांच्या मागे कीर्तनाला जाऊ लागले. जयरामस्वामींनी त्या वासराचे आणि या अकरा वर्षांच्या मुलीचे कौतुक केले. लोकांत चर्चा झाली आणि नवऱ्याने तिला बांधून मारले. वासराने चारा सोडला आणि प्राण सोडला. पुढे तुकोबांनी दृष्टान्तात येऊन अनुग्रह दिला. ब्राह्मणाच्या घरातल्या स्त्रीने शूद्राला गुरू करावे, हे त्या काळी दुसरे अरिष्टच. अद्भुतकथेला लागणारे सारे साहित्य इथे आहे: बोलणारे वासरू, न पाहिलेल्या गुरूचे दर्शन, आणि शेवटी बारा पूर्वजन्मांची हकिकत.

ती हकिकत बहिणाबाईंनी आयुष्याच्या अखेरीस सांगितली, आणि सांगितली ती मुलाला, विठोबाला. वटपौर्णिमेला स्त्रीचा पुनर्जन्माशी जो संबंध लावला जातो तो सात जन्म हाच पती मिळावा एवढाच. इथे मात्र एक आई आपल्या बारा जन्मांचा लेखाजोखा मुलापुढे मांडते आहे आणि त्यांतून दिसतो तो खंडित होत आलेल्या एका साधनेचा मार्ग. तेराव्या जन्मी तो मार्ग संपतो. तिला सूड घ्यायचा नाही, परत यायचे नाही, कोणाच्या हाती शस्त्र होऊन राहायचे नाही. बारा जन्म आठवणाऱ्या स्त्रीला या एका जन्मातल्या माराने परिभाषित करता येत नाही, हे तिच्या स्मृतीचे खरे सामर्थ्य. आपली कथा कुठून सुरू होते हे ती स्वतः ठरवते. लग्नापासून नाही, जन्मापासूनही नाही.

इथे भाबडेपणा टाळला पाहिजे. बहिणाबाईंनी पतिव्रताधर्माची थोरवी गाणारे अभंगही लिहिले आहेत. त्या बंड करून घराबाहेर पडल्या नाहीत, आणि त्यांना आजच्या शब्दांत बसवणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. पण त्यांनीच 'वज्रसूची'च्या आधाराने ब्राह्मण कोणास म्हणावे याची चिकित्सा करणारे अभंग रचले. वज्रसूची म्हणजे वज्राची सुई. दधीचीच्या आणि जेजम्माच्या अस्थींतून शस्त्र घडले ते मरणानंतर. ही सुई एका जिवंत बाईने, संसार सांभाळत, आपल्या भाषेत घडवली. जन्माने ठरणारे श्रेष्ठत्व तिने युक्तिवादाने टोचून पाहिले. आमच्या नदीचे नाव घेतले की स्थळपुराणाला ब्रह्मदेवाची सावित्री अभिप्रेत असते, पण आमच्या मुलींना आठवते ती सत्यवानाची. आणि तिनेही यमाला जिंकले ते बोलूनच.

जन्मावर ठरणाऱ्या प्रतिष्ठेचा हा वाद पुढे महाडातच उभा राहिला, हे पोलादपुरात बसून विसरता येत नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली; 'शिवभारत' छापले गेले तेच हे वर्ष. त्या डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने टाकून देण्यास सांगितले. स्त्रियांनी ते तिथल्या तिथे अमलात आणले. लुगडे घोट्यापर्यंत खाली आले. कोणी मेले नाही, कोणी डोळ्यांतून जाळ काढला नाही, आणि तरीही त्या बायका आल्या तशा परत गेल्या नाहीत. याच देहात, याच गावात, एका रात्रीत झालेल्या या पुनर्जन्माची अद्भुतकथा अजून कोणी लिहिलेली आमच्या पाहण्यात नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही उपाय सुचवला नाही. इसिदासी आणि बहिणाबाई यांची पाने वाचायला दिली. तिने कथा पुरी केली. नायिकेची दृष्टी आता काही जाळत नाही. ती घरी जाते, चुलीपुढे बसलेल्या आजीला आपले मागचे मरण सांगते, आणि आजी म्हणते, मलाही आठवते. कथा तिथे संपते. हस्तलिखितात कच्चे दुवे बरेच आहेत. गुण देताना ते आम्ही वजा केले. तिच्या लग्नाची बोलणी काही काळ लांबणीवर पडली, एवढेच आम्हांला कळले. त्याचे श्रेय कथेला देण्याइतके आम्ही साहित्यभोळे नाही.

मात्र अशा वह्या तपासताना आता आम्ही समासात दोन प्रश्न लिहितो. ही स्त्री मेली नसती तर लेखकाने तिला काय करू दिले असते? आणि तिला जे आठवले, ते तिने कोणाला सांगितले? पहिल्या प्रश्नाला बहुतेक वह्यांत उत्तर नसते. दुसऱ्याचे उत्तर शोधायला विद्यार्थी पुन्हा लिहायला बसतात.