परमुलखातील बाराखडी

नोकरी आणि संसार सांभाळून शिकायचेच, तर मराठी घेऊन काय मिळणार, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना कधी ना कधी ऐकावा लागला असेल. मलाही तो विचारला गेला. मात्र तो विचारला गेला परदेशात, आणि तेही इंग्रजी शिकविण्याची नोकरी मागताना. त्याचे उत्तर मला तेथील रोजच्या जगण्यातून मिळाले. तेच येथे सांगते.

आम्ही उभयता बदलापूरचे. माझे पती उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत, तर मी अंबरनाथच्या एका शाळेत मराठी. सकाळच्या एकाच लोकलने आम्ही निघत असू. मी अंबरनाथला उतरे, ते पुढच्या स्थानकावर. उल्हासनगर हे मुळात घर सोडून आलेल्यांचे गाव. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही तेथला पत्ता ‘कॅम्प नंबर’ सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. घरात सिंधी, बाजारात हिंदी, कचेरीत मराठी आणि परीक्षेत इंग्रजी, अशा चार भाषांतून तेथील मुलांचा दिवस जातो. पती तपासायला आणीत त्या वह्यांत एक चूक वारंवार दिसे. ‘सरांनी आम्हाला शिकवले’ हे सांगताना मुले ‘टीच’ऐवजी ‘लर्न’ हे क्रियापद वापरीत. इतक्या मुलांच्या हातून नेमकी हीच चूक का व्हावी, याचे त्यांना नवल वाटे.

2007 च्या ऑगस्टमध्ये आम्ही इथिओपियातील बाहिर दार या गावी गेलो. सम्राट हैले सेलासी यांच्या काळापासून भारतीय शिक्षक त्या देशात शिकवीत आले आहेत. आणि तेथे माध्यमिक शाळेपासून पुढचे शिक्षण इंग्रजीतून होते. पतींना विद्यापीठात काम मिळाले होते. गावाचे नाव ऐकून सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे बाहेरच्या दारापर्यंतच चाललात की!” प्रत्यक्षात त्या नावाचा अर्थ ‘पाण्याचा काठ’ असा आहे, गाव ताना सरोवराच्या काठी वसले आहे.

पुढच्याच महिन्यात गावाने मोठ्या उत्साहाने सन 2000 चे स्वागत केले! तेथील पंचांग निराळे, वर्षाचे महिने तेरा. सकाळी सात वाजता शेजारीण म्हणे, “एक वाजला.” कारण दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजायचे. घटका आणि प्रहर मोजणाऱ्या आपल्या पूर्वजांना यात काही वावगे वाटले नसते. जेवणात टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा असे, आणि तिच्यावर हरभऱ्याच्या पिठाचा ‘शिरो’, म्हणजे जवळजवळ आपले पिठलेच. बुधवारी आणि शुक्रवारी तेथील भाविक ख्रिस्ती लोक मांस व दूध वर्ज्य करीत. त्या दिवशी आमच्यासारख्या शाकाहारी माणसांची चंगळ होई. रात्री वीज गेली, की एकाच मेणबत्तीच्या उजेडात आम्ही दोघे वह्या तपासत बसू. रविवारी घरी फोन करायचा, तर आपले घड्याळ अडीच तास पुढे आहे हे लक्षात ठेवावे लागे.

अंबरनाथची नोकरी मी सोडून आले होते. तेथल्या एका खासगी शाळेत अर्ज केला, तेव्हा मुख्याध्यापकांनी माझी पदवी पाहून विचारले, “मराठीचा येथे काय उपयोग?” अखेर एका सत्रापुरते खालचे वर्ग मिळाले. सत्र संपल्यावर पुढचा निर्णय होणार होता.

मी शेजारणीच्या मुलीकडून अम्हारिक भाषेची लिपी शिकू लागले. प्रत्येक व्यंजनाची स्वरांप्रमाणे बदलणारी सात रूपे तिने पाटीवर काढली, आणि मला पहिलीचा वर्ग आठवला. ही तर बाराखडी! मग शब्द आले. ‘तेमारी’ म्हणजे शिकणारा, ‘आस्तेमारी’ म्हणजे शिकविणारा. एकाच धातूपासून दोन्ही. मराठीतही ‘शिकणे’ या धातूवरूनच ‘शिकविणे’ हे प्रयोजक रूप होते. हिंदीत आणि सिंधीतही तसेच. इंग्रजीत मात्र दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. हे सांगताच पती हातातली वही मिटून म्हणाले, “अहो, मग उल्हासनगरची ती मुले आपल्या भाषेच्या नियमाने बरोबरच चालली होती!”

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्यावर आधी अम्हारिक वाक्य लिहू लागले. त्या भाषेतही क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते. ते उचलून कर्त्याजवळ कसे आणायचे, हे मुलांनी खडूने बाण काढून दाखवायचे. चमत्कार काही घडला नाही. पण मुले अंदाजाने उत्तरे देईनाशी झाली, कारण विचारू लागली. सत्र संपल्यावर माझे काम पुढे चालू राहिले.

आता आम्ही दोघे बदलापुरात संध्याकाळी प्रौढांसाठी इंग्रजीचा वर्ग घेतो. अंबरनाथच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेले कामगार असतात, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून आलेल्या आया असतात. पहिल्या दिवशी इंग्रजीचे पुस्तक उघडत नाही. मराठी वाक्य घेतो. त्यातील कर्ता, कर्म आणि क्रियापद ओळखायला सांगतो. पन्नाशीचा माणूसही ते अचूक ओळखतो, आणि त्याची मान ताठ होते.

तुमच्या अभ्यासक्रमात प्रयोग, समास, प्रयोजक क्रियापदे येतील. ती केवळ गुणांसाठी पाठ करू नका. आपली भाषा कशी घडते हे ज्याने पाहिले आहे, त्याला दुसरी भाषा कोठे वेगळी वळते हे दिसते. पदवीवर ‘मराठी’ हा विषय लिहिलेला असेल, तर तो कोणासमोरही सांगताना आवाज खाली आणण्याचे कारण नाही.