स्थळप्रत

मराठीत ‘ऐ’नं सुरू होणारे शब्द तसे थोडेच. ऐन, ऐट, ऐपत, ऐवज, ऐरण, ऐंशी आणि ऐकणं. मी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरतो. त्यात ‘ऐ’ काढायला शिफ्ट धरून इंग्रजी डब्ल्यूची कळ दाबावी लागते. माझ्या लॅपटॉपवर डावीकडच्या शिफ्टच्या बरोबर खाली कंट्रोल आहे, आणि दोघांमध्ये जेमतेम नखाएवढी फट. करंगळी त्या फटीवरून खाली घसरली की शिफ्ट-डब्ल्यूचं कंट्रोल-डब्ल्यू होतं. ब्राउझरच्या लेखी कंट्रोल-डब्ल्यूचा अर्थ एकच: समोरचा टॅब बंद करा. ‘ऐ’ उमटत नाही. सगळं पानच जातं.

ही करंगळी माझ्याकडे बरीच वर्षं आहे, त्यामुळे असे टॅब मी किती घालवले याची मोजदाद नाही. बहुतेकदा काही बिघडत नाही. कंट्रोल आणि शिफ्ट धरून टी दाबलं की बंद झालेला टॅब परत येतो. रेल्वेचं वेळापत्रक, बातमी, शब्दकोश, सगळं जिथल्या तिथे. एवढी सोय असल्यावर माणूस सवय कशाला बदलेल? मी बदलली नाही. ती बदलायला एक रविवार यावा लागला.

माझी आत्या यंदा ऐंशीची झाली. (हा शब्दही मी आता जपून टाइप करतो.) ती साताऱ्याला राहते, मी पुण्यात. तीनेक वर्षांपासून तिच्या उजव्या हाताला कंप आहे. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते, आणि सही करायची वेळ आली की आधी थोडा वेळ हाताकडे बघत बसते. आयुष्यभर हातांवर पोट असलेली बाई ती. १९६७ साली, मॅट्रिक आणि टायपिंगच्या परीक्षा पास होऊन, सातारा जिल्ह्यातल्या एका कचेरीत टंकलेखिका म्हणून लागली आणि त्याच कामातून निवृत्त झाली. आठवणी लिहायच्या आहेत असं ती म्हणाली, तेव्हा ‘तू सांग, मी टाइप करतो’ असं मीच म्हटलं. महिन्यातले दोन रविवार ठरले. ती खिडकीपाशी खुर्चीत, मी समोर कॉटवर, मांडीवर लॅपटॉप.

टाइप कशात करायचं, याचा मी फारसा विचार केला नव्हता. देवनागरी लिहायला एक साधं संकेतस्थळ मी वापरायचो. एक कोरी चौकट, बाकी काही नाही. लिहायचं आणि झालं की उचलून दुसरीकडे नेऊन चिकटवायचं. ते पान स्वतः काही साठवून ठेवत नाही, हे मला माहीत होतं. आपल्या गल्लीतला खड्डा जसा माहीत असतो, तसं.

त्या रविवारी ती भूकंपावर आली. ११ डिसेंबर १९६७, पहाट, कोयनानगर. तिला नोकरी लागून सहा महिनेही झाले नव्हते. भूकंपाचं तिनं थोडक्यात सांगितलं. भांडी पडली, सगळे अंगणात आले, थंडी होती. मग म्हणाली, “हे सगळे सांगतात. मी याद्यांचं सांगते. हे कुणाला सांगितलेलं नाही.”

घरं पडलेल्यांच्या हस्तलिखित याद्या गावोगावहून कचेरीत यायच्या. त्यांच्यावरून हिनं टाइप करायच्या. एक मूळ प्रत, खाली कार्बन घालून तीन. त्यातली एक कचेरीत राहायची, ती स्थळप्रत. मदत त्या यादीवरून जायची. दिवस-दिवस नुसती नावं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, घराचा प्रकार, नुकसान. पुढची ओळ.

एका गावच्या यादीत दोन सख्खे भाऊ होते. घरं शेजारीशेजारी, नावं एका अक्षराच्या फरकाची, बाकी सगळं तेच. पहिल्याचं नाव टाइप करून तिनं मान वर केली आणि परत खाली बघितलं, तेव्हा नजर पडली दुसऱ्याच्या ओळीवर. नाव एकाचं, नुकसान दुसऱ्याचं, अशी एकच ओळ झाली आणि एक भाऊ यादीतून गेला. पंधरवड्यानं तो कचेरीत आला. कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं, म्हणाला, नाव नाही. माणूस म्हणाला, भावाचं आहे ना, मग माझं कसं नाही? कारकुनानं स्थळप्रत काढली. तिच्यातही नव्हतं. कुठून असणार? कार्बनमध्ये वरची चूक खाली जशीच्या तशी उतरते. मग तो माणूस कारकुनाला सोडून कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळला. तिथे ही बसली होती, आणि यंत्रावरचे हात तिनं तसेच ठेवले होते. तो म्हणाला, “बाई, ऐका की.”

मी शिफ्ट धरला, डब्ल्यू दाबला आणि समोर पुण्याचं हवामान आलं. तो शेजारचा टॅब होता.

कंट्रोल-शिफ्ट-टी केलं. पान आलं. चौकट कोरी होती. पाऊण तासाचं बोलणं, त्यात भूकंप, याद्या, आणि त्या माणसाचं नाव. ते तिनं मला सांगितलं होतं. मी ते टाइपही केलं होतं. ते मला आठवेना.

हे कसं झालं, याचा खुलासा आत्याच करू शकली असती. टाइप करणाऱ्याच्या डोक्यात मजकूर राहत नाही. कानातून येतो, बोटांतून जातो. मधे आपण फक्त दाराशी उभे. हजारो नावं टाइप केली, त्यातली दोनच लक्षात राहिली, असं ती त्याच दुपारी म्हणाली होती. मी समोर बसून सगळं टिपत होतो, पण ऐकत होतो असं म्हणता येणार नाही.

“गेलं,” मी म्हटलं.

“काय गेलं?”

“सगळं. चुकून बंद झालं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग नोकरीतल्या सवयीनं विचारलं, “स्थळप्रत?”

पुण्याला परत आल्यावर मी चार दिवस या एका कळीच्या मागे लागलो. अपराधी माणसाला तांत्रिक माहितीनं बरं वाटतं. डब्ल्यू म्हणजे विंडो. एका खिडकीत एकच पान असायचं तेव्हा कंट्रोल-डब्ल्यू खिडकी बंद करायचं. पुढे एका खिडकीत अनेक टॅब आले आणि तीच जोडी टॅब बंद करू लागली. शेजारचा क्यू त्याहून जालीम. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये कंट्रोल-क्यू सगळा ब्राउझरच बंद करतो, आणि इन्स्क्रिप्टमध्ये क्यूवर ‘औ’ आहे, म्हणजे औषध लिहितानाही जपायचं. पण अख्खा ब्राउझर बंद होण्याआधी ‘खरंच का?’ असं विचारून घेण्याची सोय फायरफॉक्समध्ये आहे, मॅकवरच्या क्रोममध्येही आहे. एकट्या टॅबला तेवढा मान नाही. पानानं स्वतःहून ‘लिहिलेलं जाईल, जाऊ का?’ असं विचारायची व्यवस्था असते, पण ती पान बनवणाऱ्यानं घालावी लागते. माझ्या कोऱ्या चौकटीत ती नव्हती. आणि कंट्रोल-डब्ल्यू ही कळ क्रोम पानाच्या हाती देतच नाही. त्यालाही अर्थ आहे. नाहीतर एखादं लबाड पान म्हणेल, मी बंदच होणार नाही.

त्या चार दिवसांत वाचलेली एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली बाजारात आला. तो बनवणाऱ्यांत डेव्हिड ब्रॅडली नावाचे अभियंते होते. यंत्र झटक्यात पुन्हा सुरू करायला त्यांनी आधी कंट्रोल, आल्ट आणि एस्केप या कळा ठरवल्या होत्या. तिन्ही डावीकडे. मग लक्षात आलं की कीबोर्डच्या डाव्या बाजूला चुकून धक्का लागला तरी यंत्र पुन्हा सुरू होईल आणि काम जाईल. म्हणून एस्केपच्या जागी उजवीकडची डिलीट आली. दोन्ही हात लागल्याशिवाय ते होऊ नये, एवढाच हेतू. जे केल्यावर परत फिरता येत नाही ते हाताला सहज लागू नये, हा विचार इतका जुना आहे. कंट्रोल-डब्ल्यूला मात्र एकच हात पुरतो. तोही डावा, बेसावध.

विंडोजवर ऑटोहॉटकी नावाची फुकट मिळणारी आज्ञावली आहे. तिच्यात चार ओळी लिहून मी कंट्रोल-डब्ल्यूला एका दाबात मुका केला. लागोपाठ दोनदा दाबला तरच टॅब बंद होईल. समाधान वाटलं. ते ऑफिसच्या मशीनवर बसेपर्यंत टिकलं. तिथे त्या चार ओळी नव्हत्या, करंगळी मात्र तीच होती.

पुढच्या खेपेला हे सगळं मी आत्याला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “टाइप करून दाखव.” मी ‘ऐ’ काढून दाखवला. डावी करंगळी शिफ्टवर, डावी अनामिका डब्ल्यूवर.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही.”

“दिसतंयच. अरे, अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजव्या हाताचा. उजव्याचं असेल तर डावा. पहिल्या आठवड्यात शिकवायचे आम्हाला. एका हातानं दोन्ही करायला गेलास की बोट ताणतं, आणि ताणलेलं बोट घसरतं.”

कीबोर्डवर शिफ्ट दोन का असतात, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. उजवा शिफ्ट माझ्या लॅपटॉपवर नव्यासारखा चकचकीत होता, डाव्यावरची अक्षरं पुसली होती. उजव्या करंगळीनं शिफ्ट धरला की डावी करंगळी मोकळी राहते, आणि डावीकडच्या कंट्रोलच्या आसपास कुणी फिरकत नाही. ऑटोहॉटकीच्या चार ओळी ज्या रोगावर होत्या, त्याचं पथ्य कोपऱ्यातल्या टेबलावर १९६७ सालीच होतं. मला ते अंगवळणी पडायला दीड महिना लागला. अजूनही घाईत असलो की जुना हात पुढे येतो.

तिच्या यंत्राला घंटी होती. ओळ संपायच्या थोडं आधी वाजायची, म्हणजे हातातला शब्द पुरा करून घ्या. कागद आपोआप बाहेर पडेल अशी कळ मात्र त्यावर नव्हतीच. “पण ओळ गाळली तर घंटी वाजत नाही,” असं तीच म्हणाली, आणि मला ते पुन्हा विचारायला वाट मिळाली.

दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट आखडली होती. भूकंप दोन वाक्यांत. त्या माणसाला ती काय म्हणाली, हे पहिल्या वेळी सांगायचं राहिलं होतं. या वेळी म्हणाली, काहीच नाही. कारकुनाकडे बघितलं आणि टाइप करत राहिले. संध्याकाळी सगळे गेल्यावर हस्तलिखित यादी काढली, बोट ठेवून एकेक ओळ ताडली. दुसऱ्या दिवशी पुरवणी यादी केली, एकाच नावाची. वर टाइप केलं: अनवधानाने राहून गेलेले नाव. कुणाच्या अनवधानानं ते लिहिलं नाही, आणि साहेबांनी सही करताना विचारलं नाही.

“मग मिळालं त्याला?”

“मिळालं असणार. यादी गेली. तो परत आला नाही. आला असता तर सांगितलं असतं मी.” थोड्या वेळानं म्हणाली, “डिसेंबर होता रे. पंधरा दिवस आधीच गेले होते, पुढचे किती गेले कुणास ठाऊक. आणि गावात सगळे म्हणत असतील, भावानं घेतलं.”

मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. मग थांबली, हात हातात धरला. “का तो दुसरा?” दोन्ही नावं तिच्यापाशी पक्की होती, एका अक्षराच्या फरकाची. कोण यादीत राहिला आणि कोण टेबलासमोर उभा होता, ते तिला सांगता येईना. पंधरा दिवसांपूर्वी तिनं चाचरत नव्हे, सरळ सांगितलं होतं, एवढं मला नक्की आठवतं. “तेव्हा बोलता बोलता आलं होतं,” ती म्हणाली. “आता आठवायला गेले की दोघं येतात.”

बंद झालेला टॅब परत येतो, त्यातला मजकूर येईलच असं नाही. हे मला आधी ब्राउझरनं दाखवलं, मग आत्यानं. तो माणूस एकदा तिच्या डोळ्याखालून गळला आणि पुन्हा एकदा माझ्या करंगळीखालून. दोन्ही वेळा कुणाच्या मनात तसं काही नव्हतं.

आता मी तिचं बोलणं ब्राउझरमध्ये लिहीत नाही. साध्या फाइलमध्ये लिहितो, परिच्छेद संपला की साठवतो, आणि तिच्या परवानगीनं शेजारी फोन रेकॉर्डिंगला ठेवतो. मधे मधे हात उचलून तिच्याकडे बघतो. मागे पडलो तरी चालतं.

त्या प्रकरणात मी दोन्ही भावांची नावं लिहिली आहेत, एकाखाली एक, आणि कोण आला होता ते आता सांगता येत नाही, असं तिच्याच शब्दांत खाली टाइप केलं आहे. पान छापून तिला वाचायला दिलं. तिनं भिंग घेऊन दोन्ही ओळींवर बोट ठेवून बघितलं, बोट थरथरत होतं. मग कागद परत न देता चार घड्या घालून उशीखाली ठेवला. “ही माझ्याकडे राहू दे,” म्हणाली. “तू दुसरी काढ.”