शिरपामाळावरची भेट

नाशिकजवळ म्हसरूळ येथील गजपंथ सिद्धक्षेत्राची वंदना करून मुंबईकडे परतणारी श्रावक कुटुंबे बहुधा कसाऱ्याच्या घाटाने उतरतात. परंतु परतीची दुसरीही एक वाट आहे. ती त्र्यंबकेश्वरावरून आंबोली घाटाने मोखाड्यात उतरते आणि पुढे जव्हार, विक्रमगड करीत मनोरपाशी अहमदाबादच्या महामार्गाला मिळते. या वाटेने अधिक वेळ लागतो, वळणेही पुष्कळ आहेत; पण व्यापारी घराण्यातील माणसाने एकदा तरी तिने जावे, असा इतिहास तिच्या काठाकाठाने पसरलेला आहे.

या वाटेवर पहिल्यांदा अंजनेरी लागते. डोंगराच्या पायथ्याशी प्राचीन मंदिरांचे भग्नावशेष उभे आहेत. येथील शके 1063 च्या शिलालेखात यादव कुळातील सेउणचंद्राने आठवे तीर्थंकर श्री चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिरास नगरातील दुकाने दिल्याचा उल्लेख आहे. त्याच लेखात वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्याने आणखी दोघांसह एक दुकान व एक घर अर्पण केल्याचेही कोरलेले आहे. ते नगर नाहीसे झाले, दुकानेही राहिली नाहीत; मात्र दिलेल्या दानाची नोंद नऊ शतकांनंतरही वाचता येते.

घाट उतरला की मोखाडा तालुका सुरू होतो. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा मुलूख 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजांची ही भूमी. पावसाळ्यात येथे डोंगरावरून पाणी अखंड कोसळत असते आणि नाचणी व वरईची शेते उतारावर हिरवी होतात. होळीच्या सुमारास बोहाड्याचे दिवस येतात. तेव्हा देवदेवतांचे रंगीत मुखवटे धारण केलेली सोंगे रात्रभर नाचतात. पुढे जव्हार लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील हे गाव मुकणे घराण्याच्या कोळी राजांची राजधानी होते.

या राज्याच्या स्थापनेची कथा व्यापाऱ्याला विचारात पाडणारी आहे. मूळ पुरुष जयाबा मुकणे याने वारली प्रमुखाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, असे सांगतात. प्रमुखाने मागणी मान्य केली. जयाबाने कातड्याची बारीक वादी कापली, ती लांबच लांब पसरली आणि तिच्या वेढ्यात सारे जव्हार घेतले. कथा खरी असो वा नसो, शब्दाचा अर्थ कोण लावतो यावर कराराचे मोल ठरते, हे तिने सांगून ठेवले आहे. जयाबाचा पुत्र नीमशहा याला दिल्लीच्या सुलतानाने 1343 मध्ये राजा म्हणून मान्यता दिली, अशी संस्थानाची परंपरा आहे.

गावाजवळच शिरपामाळ आहे. उंचावरचा मोकळा माळ, सभोवार दऱ्या आणि मध्ये स्मारक. 1663 चे वर्ष संपून 1664 उजाडत असताना छत्रपती शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर जात असता येथे थांबले, असे परंपरा सांगते. त्या वेळी जव्हारच्या गादीवर विक्रमशहा होता. तो धनसंपन्न होता आणि आपल्या मुलखापुरता स्वतंत्रही होता. आपल्या डोंगरात बसून राहणे त्याला शक्य होते. त्याने तसे केले नाही. मानकऱ्यांचा लवाजमा घेऊन तो स्वतः माळावर गेला, महाराजांचे स्वागत केले आणि त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढविला. त्यावरून माळाला शिरपामाळ हे नाव मिळाले, असे सांगतात. आजच्या भाषेत बोलायचे, तर एका लहान राज्याच्या प्रमुखाने मित्रराष्ट्राच्या नायकाकडे नेलेले ते शिष्टमंडळच होते.

येथून सुरत सुमारे शंभर मैल. तीन वर्षे शाएस्तेखानाच्या फौजेने पुणे प्रांत ओरबाडला होता. त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करावयाची, हा स्वारीचा हेतू होता. महाराजांनी सुरतेत निरोप पाठविला. सुभेदार इनायतखान आणि हाजी जाहिद बेग, वीरजी व्होरा व हाजी कासिम हे नगरातील तीन बडे व्यापारी यांनी स्वतः भेटीस येऊन खंडणीची बोलणी करावीत, अन्यथा शहराची धडगत नाही, असा त्याचा आशय होता. जव्हारहून जसे शिष्टमंडळ गेले, तसे सुरतेहूनही जाऊ शकले असते. कोणीही गेले नाही. सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला.

6 जानेवारी 1664 रोजी मराठी फौज सुरतेच्या वेशीवर पोहोचली. दुसऱ्या दिवशी सुभेदाराने एक तरुण वकील पाठविला खरा. पण तहाच्या अटी बोलता बोलता त्याने कट्यार उपसून महाराजांवर झेप घेतली. अंगरक्षकाने त्याचा हात छाटला. वकिली हे ज्याचे कवच, त्याने तेच शस्त्राचे म्यान केले. त्यानंतर बोलण्यास काही उरले नाही.

वीरजी व्होरा हे नाव जैन वाचकांना परके नाही. लोंकागच्छाचे संघपती, इंग्रज व डच कंपन्यांना कर्ज देणारे सराफ, मिरीच्या व्यापारावर पकड असलेले व्यापारी. त्यांची संपत्ती ऐंशी लाख रुपयांची असल्याचा त्या काळी अंदाज होता. त्यांचा वाडा आणि वखारी लुटल्या गेल्या. सोने, मोती, रोकड सारे गेले. आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडे अशा ठिकाणी त्यांचे व्यवहार पसरलेले असल्याने ते समूळ बुडाले नाहीत. परंतु जे घर सर्वांत सुरक्षित वाटत होते, तेच चार दिवसांत रिकामे झाले.

त्याच सुरतेत एक घर मात्र सुरक्षित राहिले. फ्रेंच प्रवासी बर्नियर लिहितो, की डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही. कारण तो हयातीत फार दानशूर होता असे त्यांना सांगण्यात आले. फादर अँब्रोज या कॅपुचिन धर्मगुरूच्या निवासालाही धक्का लागला नाही. दलाल हयात नव्हता. त्याच्या वतीने भेटीस जाणारे किंवा शिरपेच चढविणारे कोणी नव्हते. त्याच्या दाराशी उभी राहिली ती केवळ लोकांच्या तोंडी असलेली त्याची कीर्ती.

आता शिरपामाळाकडे परतावे. जो भेटीस गेला, त्या विक्रमशहाचे पुढे काय झाले? अवघ्या आठ वर्षांनी, 1672 च्या जूनमध्ये, मोरोपंत पिंगळे यांच्या फौजेने जव्हार घेतले. सतरा लाख रुपयांचा खजिना हाती आला, असे इतिहासकार जदुनाथ सरकार नोंदवितात. विक्रमशहाला मोगली हद्दीत आश्रय घ्यावा लागला. यात कोणाचा वैरभाव शोधण्याचे कारण नाही. जव्हार आणि रामनगर ही सुरतेच्या वाटेवरची दारे होती. वाढत्या स्वराज्याला ती आपल्या हाती हवी होती. शिरपेचाने मान राखला, पण भूगोल बदलला नाही. पुढे पेशवाईत राज्याचा आणखी मुलूख गेला आणि डोंगराळ भाग तेवढा राहिला.

तरीही घराणे टिकले. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेचे सदस्य झाले. काजूच्या झाडीतला त्यांचा जयविलास राजवाडा आजही प्रवासी पाहतात. शिरपामाळावरच्या भेटीची आठवण गावाने अभिमानाने जपली आहे, आणि ती योग्यच आहे. दुर्बळाने बलवानाकडे सन्मानाने जाऊन बोलणे हे शहाणपणच. सुरतेच्या धनिकांनी ते केले असते, तर कदाचित कित्येक घरे वाचली असती. मात्र त्या शहाणपणाने आठ वर्षेच मिळाली, हेही विसरता येत नाही.

वीरजींच्या मुलीचा मुलगा लवजी. आजोबांच्या वैभवाचा उंबरठा त्याने सुरतेच्या लुटीपूर्वीच ओलांडला होता. दीक्षा घेऊन तो लवजी ऋषी झाला आणि स्थानकवासी परंपरेच्या क्रियोद्धारकांमध्ये आदराने गणला गेला. आजोबांचा वाडा लुटला गेला तेव्हा नातवापाशी लुटण्यासारखे काहीही नव्हते. गृहस्थाला एवढा त्याग जमणार नाही. त्याच्यासाठी वत्सराजाचे दुकान आणि त्या दलालाचे घर ही उदाहरणे आहेत.

उन्हाळ्यात या वाटेने जाणाऱ्यास आणखी एक दृश्य दिसते. मोखाड्याच्या पाड्यांवर स्त्रिया डोक्यावर एकावर एक हंडे घेऊन दूरच्या विहिरीवरून येत असतात. काही पाडे टँकरची वाट पाहत असतात. याच डोंगरांमधून वैतरणा वाहते आणि तिच्यावर बांधलेल्या धरणांचे पाणी मुंबईला जाते. गजपंथाहून परतणारे कुटुंब घरी पोहोचून नळ उघडते, तेव्हा ओंजळीत येणाऱ्या पाण्यात या मुलखाचा वाटा असतो. हे ऋण कोणत्याही वहीत नावे टाकलेले नाही. अणगळ पाणी न पिणाऱ्या आणि थेंबाथेंबाची जयणा पाळणाऱ्या समाजाने ते स्वतःहून मांडावे. जव्हारच्या वाटेवर गाडी थोडा वेळ थांबवावी, एखाद्या पाड्यावर जाऊन विहिरीचे वा टाकीचे काय अडले आहे ते विचारावे. अशा भेटीला लवाजमा लागत नाही आणि शिरपेचही लागत नाही.