कडेनं चालवू नका

दिवाळी अंकासाठी सायकल-सुरक्षेवर लेख द्या, हेल्मेटचं महत्त्व आवर्जून येऊ द्या, असा संपादकांचा फोन आला. त्याच आठवड्यात माझी एक विद्यार्थिनी हात झोळीत अडकवून भेटायला आली. वय चोपन्न. पुण्यातल्या आमच्या वर्गात या उन्हाळ्यात त्या पहिल्यांदा सायकल शिकल्या. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार अचानक उघडलं, हँडल दाराला अडकलं आणि त्या उजव्या खांद्यावर पडल्या. कॉलर बोन मोडलं. हेल्मेट डोक्यावर होतं, त्याला ओरखडाही नव्हता.

त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही सांगितलेलं सगळं आठवत होतं. पण मागून हॉर्न वाजला की अंग आपोआप कडेला जातं हो.”

हे वाक्य अजून माझी पाठ सोडत नाही. अठरा वर्षं दर रविवारी सकाळी मी हेच शिकवतोय की कडेला चिकटू नका.

सायकल शिकवणं म्हणजे मागून सीट धरून पळणं, असा लोकांचा समज आहे. मी सीट कधीच धरत नाही. दोन्ही पॅडल काढून ठेवतो, सीट इतकी खाली घेतो की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील, आणि मैदानाच्या हलक्या उतारावरून नुसतं घरंगळायला लावतो. ज्या बाजूला तोल जातोय त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं, म्हणजे चाकं पुन्हा अंगाखाली येतात. घाबरलेला माणूस नेमका उलट्या बाजूला वळवतो. एवढी एक खोड मोडली की बहुतेकांना तीन-चार रविवारांत तोल सापडतो.

मुलांचं उलटं असतं. तोल त्यांना चटकन येतो, पण मागे बघता येत नाही. उजव्या खांद्यावरून मान वळवली की हँडलही उजवीकडे वळतं आणि मूल थेट रस्त्याच्या मधोमध जातं. म्हणून मी जमिनीवर खडूची रेघ ओढतो. मुलानं रेघेवरून जायचं, मागे उभा राहून मी बोटं दाखवणार, त्यानं वळून पाहून आकडा सांगायचा. आकडा बरोबर आणि चाक रेघेवर, असं सलग दहा वेळा जमेपर्यंत मी कुणालाही रस्त्यावर नेत नाही. पालक कुरकुरतात. त्यांना दुसऱ्या दिवशी मुलाला क्लासला सायकलनं पाठवायचं असतं.

आता हेल्मेट. ते घालाच. पण त्याची परीक्षा कशी होते तेही जाणून घ्या. युरोपातल्या ईएन १०७८ या मानकानुसार हेल्मेट सपाट पृष्ठभागावर सुमारे दीड मीटर उंचीवरून पाडतात, म्हणजे धडकेचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. सायकलवरून पडण्यासाठी ते बनवलंय. ताशी पन्नासनं येणाऱ्या मोटारीपुढे त्याच्याकडून फार अपेक्षा धरू नये. वेग तीसवरून पन्नास झाला की धडकेची ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तरीही सायकलवाल्याला अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, “हेल्मेट होतं का?” मोटारीचा वेग कुणी विचारत नाही. या प्रश्नाचा मला मनापासून कंटाळा आलाय.

खरा मुद्दा जागेचा आहे. मोटारीचं दार पूर्ण उघडलं की जवळजवळ एक मीटर रस्त्यात येतं. त्यात हँडलची अर्धी रुंदी मिळवा. म्हणजे उभ्या गाड्यांपासून तुमचं चाक निदान सव्वा ते दीड मीटर लांब हवं. ताशी पंधरानं जाणारी सायकल सेकंदाला चार मीटर पुढे सरकते आणि दार उघडायला सेकंदही लागत नाही. ब्रेकला वेळच नसतो, फक्त अंतर असतं. शिवाय थोडं आत चालवणारा माणूस मागच्याला लांबून दिसतो. कडेला, गाड्यांच्या आडोशानं जाणारा चौकात एकदम समोर उगवतो.

हे मी जॉन फॉरेस्टर या अमेरिकी इंजिनिअरकडून घेतलं. १९७६ सालच्या ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’मध्ये त्यानं मांडलं की सायकलस्वारानं वाहनचालकासारखं वागावं आणि इतरांनीही त्याला वाहनचालक मानावं. वेगळ्या सायकल ट्रॅकला त्याचा कडवा विरोध होता. नेदरलँड्सनं उलटी वाट धरली. तिथे १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. लोक रस्त्यावर उतरले. पुढे वेगळे ट्रॅक झाले, वस्त्यांमधला वेग उतरला, आणि आजही तिथली शाळकरी मुलं वाहतुकीची परीक्षा देतात.

मी बरीच वर्षं फॉरेस्टरच्या बाजूनं भांडलो. आता नाही. पेठांतल्या गल्लीबोळांत त्याची शिकवण आजही कामाची आहे. पण मागून पन्नासनं येणारी मोटार हॉर्न देत असताना चोपन्न वर्षांच्या बाईनं आपली जागा सोडू नये, असं सांगण्याचा मला काय अधिकार? मोठ्या रस्त्यावर वेगळी, मोकळी वाट हवीच. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ च्या डिसेंबरात मंजूर झालाय.

आणि वर्ग मोटारवाल्यांचाही हवा. एकदा बसचालकांच्या प्रशिक्षणात मी पंधरा चालकांना सायकलवर बसवलं आणि दहा मीटर मागून त्यांच्याच बसचा हॉर्न वाजवायला लावला. पंचवीस वर्षं नोकरी झालेले एक चालक पाय टेकून थांबले. म्हणाले, “साहेब, एवढा अंगावर येतो होय हा?” त्या दिवशी आणखी काही शिकवावं लागलं नाही. असे वर्ग मला अठरा वर्षांत फक्त चार घेता आले, कारण बोलावणारंच कुणी नसतं.

म्हणून मोटार चालवणाऱ्या वाचकांना एक विनंती. गाडी डाव्या कडेला लावून उतरताना दार डाव्या हातानं उघडा. हात पलीकडे न्यायचा म्हटलं की खांदा वळतो, मान वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. नेदरलँड्समध्ये हीच सवय लावतात. आज घरी पोचल्यावर करून बघा, आणि मागच्या सीटवरच्या मुलांनाही दाखवा.